जेम्स जॉन बर्कले

जेम्स जॉन बर्कले (जन्म : २१ ऑक्टोबर १८१९, हॉलोवे, लंडन, मृत्यू : २५ ऑगस्ट १८६२, सिडनॅम, इंग्लंड) हे ब्रिटिश स्थापत्य अभियंता आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या कंपनीचे भारतातील मुख्य अभियंता होते. मुंबई–ठाणे हा भारतातील पहिला प्रवासी रेल्वेमार्ग त्यांच्या देखरेखीखाली बांधला गेला. कर्जतजवळच्या पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत चढणारा भोर घाटाचा (बोरघाटाचा) रेल्वेमार्ग आणि कसाऱ्याजवळचा थळ घाटाचा मार्ग ही त्यांची सर्वांत मोठी कामे होत. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात रेल्वेसाठी बोगदे खोदणे, त्यांची छते कोसळू न देणे आणि ती कायमची सुरक्षित करणे हा या कामांतील सर्वांत कठीण भाग होता. भोर घाटाचा मार्ग वाहतुकीस खुला होण्यापूर्वी सुमारे आठ महिने बर्कले यांचे निधन झाले.

प्रारंभिक जीवन

बर्कले यांचे शिक्षण लंडनच्या किंग्ज कॉलेजात झाले. पुढे त्यांनी प्रसिद्ध रेल्वे अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली उमेदवारी केली. बोगदा, पूल आणि भराव यांचे आराखडे कागदावर कसे मांडावेत आणि ते प्रत्यक्ष जमिनीवर कसे उतरवावेत, याचे धडे त्यांना तेथे मिळाले. इंग्लंडमध्ये त्या काळी रेल्वेचे जाळे झपाट्याने पसरत होते आणि तरुण अभियंत्यांना अनुभवाची वाण नव्हती. गुरू-शिष्याचे हे नाते पुढे मैत्रीत बदलले आणि बर्कले यांच्या भारतातील नेमणुकीसही ते उपयोगी पडले, कारण स्टीफन्सन हे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे सल्लागार अभियंता होते.

भारतात आगमन

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीची स्थापना १८४९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने झाली. बर्कले १८५० च्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईस येऊन दाखल झाले. त्यावेळी त्यांचे वय तीस वर्षांचे होते. ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीव येथे कामाचा प्रारंभ झाला आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. सुमारे ३४ किलोमीटरच्या या मार्गावर त्या दिवशी १४ डब्यांतून सुमारे ४०० निमंत्रितांनी प्रवास केला.

ठाण्याहून कल्याणपर्यंतचा मार्ग १ मे १८५४ रोजी सुरू झाला. ठाण्याच्या खाडीवरील पूल आणि पारसिकच्या डोंगरातील दोन लहान बोगदे या टप्प्यात बांधावे लागले. सह्याद्रीच्या खडकाशी कंपनीची पहिली गाठ येथेच पडली.

बर्कले यांनी स्थानिक कंत्राटदारांनाही कामे दिली. जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदाराने या रेल्वेची अनेक कामे उत्तम प्रकारे पार पाडली आणि बर्कले यांनी त्यांच्या कामाची वाखाणणी केली. भारतीय कंत्राटदारांना रेल्वेचे काम झेपणार नाही, असा समज त्या काळी इंग्रज वर्तुळांत होता. तो या उदाहरणाने खोटा ठरला.

सह्याद्री ओलांडण्याचा प्रश्न

कल्याणच्या पुढे मार्गाचे दोन फाटे करण्याचे ठरले. एक ईशान्येस नाशिक-खानदेशाकडे आणि दुसरा आग्नेयेस पुण्याकडे जाणार होता. दोहोंच्या वाटेत सह्याद्रीची भिंत उभी होती. कोकणाच्या बाजूने हा डोंगर जवळजवळ उभा चढतो, तर दख्खनच्या बाजूने पठार हळूहळू उतरत जाते. त्यामुळे वळसा घालून सौम्य चढ मिळण्याची सोय नव्हती.

भोर घाटातून गाडीरस्ता १८३० मध्येच खुला झाला होता. परंतु बैलगाडीस जमणारी चढण आणि वळणे वाफेच्या इंजिनास जमणारी नव्हती. बर्कले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाटाची अनेक वर्षे पाहणी केली. कडे, घळी आणि ओढे यांची मोजमापे घेण्यात आली. जेथे पाऊल टेकण्यास जागा नव्हती, तेथे माणसांना दोराने कड्यावरून खाली सोडावे लागले. तयार झालेला आराखडा स्टीफन्सन यांच्याकडेही तपासणीसाठी गेला.

अखेर ठरलेला मार्ग उल्हास नदीच्या खोऱ्याच्या कडेकडेने चढत जातो. पायथ्याशी मार्गाची उंची समुद्रसपाटीपासून १९६ फूट आणि माथ्यावर २,०२७ फूट आहे. म्हणजे पावणेसोळा मैलांच्या (सुमारे २५ किलोमीटर) अंतरात गाडीस १,८३१ फूट वर चढावे लागे. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट असा होता. खंडाळ्याच्या खाली डोंगराची अरुंद सोंड आडवी आली. तेथे वळणास जागा नसल्याने गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकास लावून, उलट दिशेने पुढे नेण्याचे स्थानक बांधण्यात आले. बर्कले यांनी या मार्गावर २५ बोगद्यांची योजना केली. त्यांची एकूण लांबी ३,९८६ यार्ड, म्हणजे सुमारे ३.६ किलोमीटर होती. त्यांखेरीज आठ मोठे कमानी पूल, अनेक लहान पूल आणि मोऱ्या होत्या.

घाटाचा खडक आणि कोंडाणे

भोर घाटाच्या मार्गासमोर, उल्हास खोऱ्याच्या दुसऱ्या बाजूस, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी कोंडाणे हे गाव आहे. तेथील बौद्ध लेणी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासची मानली जातात. कण्ह याचा शिष्य बलक याने काम केल्याचा उल्लेख असलेला ब्राह्मी लेख तेथील चैत्यगृहाजवळ कोरलेला आहे. चैत्यगृहातील अनेक स्तंभांचे खालचे भाग पाण्याने झिजून नाहीसे झाले आहेत, तरी अर्धवर्तुळाकार छत दोन हजार वर्षे तग धरून आहे. एकसंध पाषाणात कमानीच्या आकाराचे छत खोदले, तर त्यावरील भार दोन्ही बाजूंच्या खडकावर उतरतो आणि खालच्या स्तंभांवर फारसा राहत नाही. छत टिकून राहण्याचे हे एक कारण होय.

हीच गोष्ट रेल्वेच्या बोगद्यास लागू पडते. लेणे आणि बोगदा या दोहोंचे आयुष्य खडकाच्या निवडीवर अवलंबून असते. लेणी कोरणाऱ्यांना चांगला खडक शोधून जागा ठरविता येत असे. रेल्वेचा मार्ग मात्र चढाच्या हिशेबाने आखावा लागतो आणि वाटेत येईल तो खडक स्वीकारावा लागतो.

सह्याद्रीचा हा भाग लाव्हारसाचे थर एकावर एक साचून बनला आहे. सगळे थर सारखे नाहीत. काही थर घट्ट, काळ्या बेसाल्टचे आहेत. काहींत वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या असून त्या पुढे इतर खनिजांनी भरल्या. हा खडक तुलनेने मऊ असतो आणि लवकर झिजतो. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातीसारखा पातळ पट्टा आढळतो. पाणी लागले की तो फुगतो आणि भुसभुशीत होतो. घट्ट बेसाल्टमध्येही उभ्या भेगा असतात. त्या एकमेकींना छेदत असतील, तर छतातील मोठा दगड पाचरीसारखा सुटा होऊन खाली येऊ शकतो.

बोगद्यांचे काम

भोर घाटाच्या कामाचे कंत्राट विल्यम फ्रेडरिक फेव्हिएल यांना मिळाले आणि जानेवारी १८५६ मध्ये कामास आरंभ झाला. खडक फोडण्याची यंत्रे त्या काळी प्रचारात आली नव्हती. पहारीने हाताने भोके पाडायची, त्यांत सुरुंगाची दारू ठासायची, वात पेटवून बाजूस व्हायचे आणि स्फोटानंतर दगड उपसायचे, हाच क्रम होता. डोंगराच्या माथ्यावरून उभी विहीर खोदून बोगद्याच्या मध्यापर्यंत पोहोचणे आणि तेथून दोन्ही बाजूंस खोदत जाणे, ही इंग्लंडमधील रूढ पद्धत. घाटात डोंगराची उंची आणि उभे कडे यांमुळे ती पुष्कळ ठिकाणी वापरता आली नाही. केवळ दोन्ही तोंडांकडून आत शिरणे भाग पडले. काही बोगद्यांची तोंडे कड्याच्या मध्यावर होती. तेथे कामगारांना दोरीने लोंबकळत पहिली भोके पाडावी लागली.

पावसाळ्याचे चार महिने काम जवळजवळ थांबत असे. खंडाळा-लोणावळा परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उन्हाळ्यात कोरड्या आणि भक्कम दिसणाऱ्या छतातून पावसाळ्यात पाणी ठिबकू लागे आणि भेगांतील माती धुऊन जाई. पाऊस उघडल्यावर काम पुन्हा सुरू करताना आधीचे छत नव्याने तपासणे आवश्यक ठरे.

छत कोसळण्याचा धोका आणि उपाय

बोगदा खोदताना डोंगराचा जो भाग काढला जातो, तो आपल्यावरील खडकाचा भार पेलत असतो. तो काढल्यावर भार बाजूंच्या खडकावर सरकतो. छतातील खडक एकसंध असेल तर नैसर्गिक कमान तयार होते आणि छत उभे राहते. थर सैल असतील किंवा भेगा प्रतिकूल दिशेने असतील, तर दगड निखळू लागतात. एक दगड निखळला की शेजारच्या दगडाचा आधार जातो आणि पडझड वर वर सरकत जाते. म्हणून पहिला दगड पडू न देणे हे छतरक्षणाचे मूलतत्त्व होय.

एकोणिसाव्या शतकातील बोगद्यांच्या बांधकामात यासाठी पुढील उपाय रूढ होते :

* स्फोटानंतर लगेच छत पहारीने ठोकून पाहणे. भक्कम खडकाचा आवाज खणखणीत येतो, सुट्या दगडाचा बद्द येतो. सुटे दगड माणसे आत नेण्यापूर्वीच खाली पाडले जात.
* आधी लहान भुयार खोदून खडकाचा अंदाज घेणे आणि मग ते पूर्ण मापाचे रुंद करणे.
* सुरुंगात दारूचे प्रमाण बेताचे ठेवणे. जास्त दारूने काम लवकर उरकते, परंतु छतातील टिकाऊ खडकासही तडे जातात.
* कमकुवत भागात लाकडी टेकू आणि आडव्या तुळया देऊन छत तात्पुरते उचलून धरणे.
* अशा भागात दगडी किंवा विटांची कमान बांधून काढणे आणि ती कमान व खडक यांच्यामधील पोकळी भरून टाकणे. पोकळी तशीच राहिली, तर वरून सुटलेला दगड कमानीवर आदळतो.
* छतातून झिरपणारे पाणी बाहेर जाण्यास वाट ठेवणे.

घाटातील बोगद्यांत जेथे घट्ट बेसाल्ट लागला, तेथे छत उघडेच ठेवता आले. जेथे खडक मऊ किंवा भेगाळलेला होता, तेथे आतून दगडी बांधकामाचे अस्तर करावे लागले. बोगद्याची तोंडे विशेष धोक्याची असतात. तेथे वरील डोंगराची जाडी कमी असते आणि ऊन-पावसाने खडक झिजलेला असतो. दर्शनी भागी भक्कम दगडी कमानी बांधण्याचे मुख्य कारण शोभा नसून ही सुरक्षितता होय.

कामगार आणि १८५९ चा उद्रेक

घाटाच्या कामावर दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसे आली. डोंगर फोडण्याचे आणि दगड घडविण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे वडार आणि पाथरवट त्यांत होते. त्याचबरोबर दुष्काळी भागांतून केवळ मजुरीसाठी आलेली कुटुंबेही होती. १८६१ च्या सुमारास कामगारांची संख्या ४२,००० पर्यंत पोहोचली होती. स्त्रिया आणि मुले दगड-माती वाहत.

सुरुंगाचे अपघात, कड्यावरून पडणे आणि दगडाखाली सापडणे यांत अनेकांचे जीव गेले. त्याहून अधिक बळी पटकी आणि तापाने घेतले. दाटीवाटीच्या झोपड्या, अस्वच्छ पाणी आणि घाटातील गारठा यांमुळे साथी वेगाने पसरत. सर्व कारणे मिळून हजारो माणसे या मार्गावर दगावली.

मजुरी वेळेवर न मिळाल्याने जानेवारी १८५९ मध्ये कर्जतच्या बाजूस कामगारांचा असंतोष उफाळून आला आणि युरोपीय देखरेख्यांवर हल्ले झाले. शासनाने चौकशी केली. मधल्या मुकादमांकडून मजुरांची होणारी अडवणूक त्यातून उघड झाली. पुढे १८६० मध्ये मजुरीविषयीचे तंटे दंडाधिकाऱ्यांनी तातडीने निकालात काढावेत, असा कायदा करण्यात आला. फेव्हिएल यांनी १८५९ मध्येच कंत्राट सोडले.

मजुरीचा प्रश्न छताच्या सुरक्षिततेपासून वेगळा नव्हता. काम मापावर दिलेले असेल आणि मुकादमाचा फायदा उपसलेल्या दगडावर ठरत असेल, तर सुटे दगड पाडण्यात किंवा टेकू लावण्यात जाणारा वेळ वाया गेला असे त्यास वाटते. मुख्य अभियंत्याचा आराखडा आणि कड्यावरचे प्रत्यक्ष काम यांत कंत्राटदार, पोटकंत्राटदार आणि मुकादम अशा अनेक पायऱ्या होत्या. भोर घाटातील अनेक दोषांचे मूळ या रचनेत होते.

ट्रेडवेल दांपत्य

नवे कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यांना देण्यात आले. भारतात आल्यानंतर थोड्याच अवधीत, १८५९ च्या अखेरीस, ते आजाराने मरण पावले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट सोडले नाही. ॲडमसन आणि क्लाउझर या अनुभवी अभियंत्यांकडे प्रत्यक्ष काम सोपवून त्यांनी ते तडीस नेले. एकोणिसाव्या शतकात एवढ्या मोठ्या रेल्वेकामाची जबाबदारी एका स्त्रीने पार पाडल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

लेखन

बर्कले यांनी आपल्या कामाची माहिती वेळोवेळी अभियंत्यांसमोर मांडली. भोर घाट आणि थळ घाट या दोन्ही मार्गांवर त्यांनी मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनमध्ये निबंध वाचले. लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनीअर्स या संस्थेपुढे त्यांनी भारतीय रेल्वेविषयी सविस्तर निबंध सादर केला. चढ, बोगदे, पूल, बांधकामाचा दगड, चुना, मजूर आणि हवामान या सर्वांचा विचार या लेखनात एकत्र आढळतो. भारतातील आरंभीच्या रेल्वेबांधणीच्या अभ्यासासाठी ही साधने आजही वापरली जातात.

अखेरचे दिवस आणि घाटमार्गाचे उद्घाटन

दहा-अकरा वर्षांचे अखंड काम आणि येथील हवामान यांमुळे बर्कले यांची प्रकृती खालावली. ते १८६१ मध्ये इंग्लंडला परतले. २५ ऑगस्ट १८६२ रोजी सिडनॅम येथे वयाच्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुणे–खंडाळा हा पठारावरील मार्ग १८५८ मध्येच सुरू झाला होता. खालच्या बाजूने गाडी खोपोलीपर्यंत येत असे. मधला घाट प्रवाशांना पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने पार करावा लागे. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या उपस्थितीत भोर घाटाचा रेल्वेमार्ग खुला झाला आणि मुंबई-पुणे हा प्रवास सलग रेल्वेने होऊ लागला. थळ घाटाचा मार्ग १३ बोगद्यांसह १८६५ च्या आरंभी सुरू झाला.

मूल्यमापन

उद्घाटनानंतर चार वर्षांनी, जुलै १८६७ मध्ये, भोर घाटातील महुकी मळी येथील कमानी पूल कोसळला. त्यानंतर झालेल्या चौकशीत कंपनीच्या अनेक पुलांचे दगडी बांधकाम निकृष्ट असल्याचे दिसून आले आणि पुष्कळ बांधकामे पुन्हा करावी लागली. यावरून बर्कले यांच्या काळातील देखरेखीवर टीका झाली. बोगद्यांच्या बाबतीत मात्र त्यांनी निवडलेली रेषा मोठ्या प्रमाणात टिकून राहिली. उलट्या दिशेने गाडी नेण्याचे स्थानक १९२९ मध्ये नवा मार्ग काढून वगळण्यात आले, तरी घाटाची मूळ आखणी आजही ओळखता येते. पावसाळ्यापूर्वी घाटातील सैल दगड शोधून पाडण्याचे काम रेल्वेचे कर्मचारी अजूनही दरवर्षी करतात.

कोळसा खाणींशी तुलना

बर्कले यांनी बांधलेल्या मार्गांवर कोळशाची इंजिने धावत आणि पुढील काळात महाराष्ट्रातच, चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे, भूमिगत खाणीतून कोळसा काढला जाऊ लागला. खाणीतील छताचा प्रश्न बोगद्यापेक्षा बिकट असतो. कोळशाच्या थरावर बहुधा शेल किंवा वालुकाश्माचे पातळ थर असतात आणि ते पापुद्र्यांसारखे सुटतात. बोगद्याचे छत एकदा बांधून काढले की काम संपते. खाणीत खोदकामाचे तोंड रोज पुढे सरकते आणि रोज नवे छत उघडे पडते. आधारासाठी कोळशाचेच खांब मागे सोडले जातात. शेवटी तेही काढून घेताना छत जाणूनबुजून कोसळू दिले जाते. हा टप्पा सर्वांत धोक्याचा असतो.

भारतात खाणींच्या तपासणीसाठी १९०१ मध्ये कायदा झाला आणि १९०२ मध्ये कोलकात्यात स्वतंत्र तपासणी कार्यालय स्थापन झाले. आज धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालय हे काम पाहते. लाकडी टेकूंची जागा आता मोठ्या प्रमाणात खडकात ठोकलेल्या पोलादी बोल्टांनी घेतली आहे. हे बोल्ट छताचे पातळ थर एकत्र शिवून त्यांची जाड तुळई बनवितात. मात्र कामगार आत जाण्यापूर्वी खाणीतील सरदाराने छत ठोकून त्याचा आवाज ऐकण्याची पद्धत यंत्रयुगातही चालू राहिली आहे.

स्मृती

बर्कले यांच्या निधनानंतर भारतातील त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि चाहत्यांनी स्मारकासाठी निधी जमविला. मुंबई विद्यापीठाच्या स्थापत्य अभियांत्रिकी परीक्षेत प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यास त्यांच्या नावाचे पारितोषिक दिले जाऊ लागले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे विद्यार्थी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना १८८३ मध्ये हे जेम्स बर्कले पारितोषिक मिळाले होते.